कर्मविपाक आणि कृपा : नाशिकच्या परिसरातील एक जुना वाद

कर्म हा पौर्वात्यांचा सिद्धांत आणि कृपा हा ख्रिस्त्यांचा, अशी जी वाटणी आपल्याकडे दीडशे वर्षांहून अधिक काळ बिनतक्रार चालत आली आहे, ती स्वस्थचित्ताने विचार करणाऱ्यांनी केलेली नसून, समोरासमोर उभ्या ठाकलेल्या दोन वादी पक्षांनी आपापल्या सोयीसाठी केलेली आहे, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. 1831 साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात झालेला वाद. 1839 साली जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या मुलकी अधिकाऱ्याने संस्कृतात रचलेली ‘मतपरीक्षा’ आणि तिला सोमनाथ या नावाने दिले गेलेले संस्कृत उत्तर, ज्याचा खरा कर्ता सुबाजी बापू हा मराठी ज्योतिषी होता असे अभ्यासक मानतात. आणि ज्यांनी सप्तशृंगीच्या गडावर तप केले त्या विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी 1857 च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी केलेले प्रश्नोत्तर, ही सारी प्रकरणे एकत्र ठेवून पाहिली म्हणजे दोन्ही बाजूंची कैफियत कशी तयार होत गेली ते ध्यानात येते. मिशनऱ्याला कर्मसिद्धांत निर्दय ठरवायचा होता, कारण त्याशिवाय कृपेची थोरवी उठून दिसत नव्हती. शास्त्र्याला कृपा पक्षपाती ठरवायची होती, कारण त्याशिवाय कर्माचा न्याय सिद्ध होत नव्हता. वकिलीत हे शोभते. परंतु वकिलाचे युक्तिवाद न्यायाधीशाचा निवाडा म्हणून पुढच्या पिढ्यांनी पाठ करावेत, आणि आजही ‘तौलनिक धर्मविचार’ या भारदस्त नावाखाली तेच छापले जावेत, हे आपल्या बौद्धिक आळसाचे लक्षण आहे.

त्या वादात शास्त्रीपक्ष दुबळा होता असेही कोणी समजू नये. काशीत वाढलेल्या नीळकंठशास्त्री गोरे या चित्पावन तरुणाने वयाच्या विशीच्या आतबाहेर ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ लिहिला, आणि त्यात जो मुद्दा त्याने पुढे केला तो अद्यापही निरुत्तर करणारा आहे. ज्याने अजून एकही कर्म केलेले नाही असे अर्भक आंधळे जन्मते. जनावराला पाप-पुण्याचा विचार नसताना ते यातना भोगते. पूर्वजन्म मानला नाही तर या दुःखाचा जाब सरळ ईश्वराला द्यावा लागतो. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर येणारे वैषम्य आणि नैर्घृण्य हे दोन आरोप याच मार्गाने परतवलेले आहेत, आणि शंकराचार्यांनी त्यावर भाष्य करताना ईश्वर प्राण्यांच्या कर्माची अपेक्षा ठेवूनच सृष्टी करतो असे म्हटले आहे. म्हणजे कर्मसिद्धांत हा मुळात माणसाला दोषी ठरवण्यासाठी निघालेला नसून ईश्वराला निर्दोष सोडवण्यासाठी निघालेला आहे. गमतीची गोष्ट अशी की हा समर्थ वकील 1848 साली स्वतःच बाप्तिस्मा घेऊन प्रतिपक्षात गेला, नेहेम्या गोरे झाला, आणि पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्याने आपल्याच जुन्या पक्षाची उलटतपासणी केली. एकाच बुद्धीने दोन्ही बाजू इतक्या सामर्थ्याने लढवल्या, यावरून तरी हा प्रश्न निव्वळ तर्काने सुटणारा नाही अशी शंका यायला हवी होती.

ग्रंथ बाजूला ठेवून नाशिकच्या भूमीकडे पाहिले तर काय दिसते? या एका जिल्ह्यात, फार तर दोन दिवसांच्या फेरीत, कर्मसिद्धांताची जितकी रूपे पाहायला मिळतात तितकी क्वचितच कुठे मिळत असतील. म्हसरूळजवळचा गजपंथाचा डोंगर घ्या, किंवा बागलाणातील मांगी-तुंगी घ्या, जेथे 2016 साली ऋषभदेवांच्या 108 फुटी मूर्तीची प्रतिष्ठा झाली. सात बलभद्र गजपंथावरून मोक्षाला गेले अशी जैनांची श्रद्धा आहे. पण ते आपल्या तपाने गेले. त्यांना कोणी नेले नाही. जैन मतात कर्म हे केवळ नैतिक बंधन नसून जीवाला चिकटणारे सूक्ष्म पुद्गल आहे, आणि ते झडवण्याचा व्यवहार ज्याचा त्यानेच करायचा आहे. तीर्थंकर वंद्य असतो, आदर्श असतो, पण तो कोणाचे कर्म माफ करीत नाही, करू शकत नाही. कर्माचा सिद्धांत कोणतीही सवलत न ठेवता शेवटपर्यंत नेला तर तो कसा दिसतो ते येथे दिसते, आणि त्याच्या कठोर सुसंगतीपुढे नतमस्तक व्हावेसे वाटते.

त्रिरश्मी डोंगरातील लेण्यांत मात्र हीच सुसंगती हळूच सैल झालेली आढळते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथील दहाव्या लेण्यात कोरवलेला लेख कर्मविचाराच्या इतिहासात जितका महत्त्वाचा आहे तितकाच महसुलाच्या इतिहासातही आहे. त्याने संघाला 3000 कार्षापणांची अक्षयनीवी दिली. पैकी 2000 गोवर्धनातील एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने आणि 1000 दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने ठेवले. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापणे चीवरासाठी मिळावीत, मुद्दल कधीही परत करू नये, केवळ व्याज खर्चावे, असे ठरवून ते निगमसभेत जाहीर केले आणि दफ्तरी नोंदवले. हिशेब करून पाहावा : 2000 चे वर्षाचे व्याज 240 होते, आणि 20 भिक्षूंना 12 प्रमाणे बरोबर 240 लागतात. मुद्दल अबाधित ठेवून व्याजावर पुण्य चालू ठेवण्याची इतकी चोख व्यवस्था पाहिली की पुण्याचा ‘संचय’ ही भाषा या देशात केवळ अलंकाराची नव्हती हे पटते. पण त्याच डोंगरात, सतराव्या लेण्यात, उत्तरेकडील दत्तामित्री येथून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचा लेख आहे, आणि तो सांगतो की हे लेणे त्याने आपल्या आई-वडिलांसाठी कोरवले. आई-वडिलांसाठी! ज्याचे त्याने भोगायचे हा नियम जर निरपवाद असेल, तर मुलाच्या दानाचे फळ माता-पित्यांच्या खाती कोणत्या अधिकाराने जमा व्हावे? हा परदेशी दाता सिद्धांतात चुकला असे म्हणायचे असेल तर मग त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबळी आणि त्रिपिंडी श्राद्ध करायला येणारे, रामकुंडात अस्थी सोडून पितरांच्या सद्गतीची प्रार्थना करणारे, आणि सिंहस्थात एका स्नानाने जन्मोजन्मीचे पाप धुऊन निघेल या भरवशावर लोटणारे लक्षावधी लोक, हे सारेच चुकले असे म्हणावे लागेल. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्यासारख्या धर्मशास्त्राच्या इतिहासकारानेही श्राद्धावरील श्रद्धा आणि कर्म-पुनर्जन्माचा सिद्धांत यांचा मेळ घालणे कठीण आहे हे मोकळेपणाने नोंदवले आहे. मला मात्र या विसंगतीत दोष दिसत नाही. माणसाला सिद्धांत पटतो, पण आपल्या मेलेल्या आईचा हिशेब तिच्या एकटीवर सोडून देणे त्याला जमत नाही. आणि जेथे हे जमत नाही तेथेच, नाव काहीही द्या, कृपेला वाट मिळते.

ती वाट मराठी धर्मविचारात पुढे राजमार्ग झाली. तेराव्या शतकातील चक्रधरांच्या महानुभाव मतात तर या दोन्ही तत्त्वांची अधिकारक्षेत्रे स्पष्टपणे विभागलेली आहेत : कर्माची फळे देवता देतात, आणि ती नाशवंत असतात, मोक्ष मात्र केवळ परमेश्वराच्या कृपेने मिळतो. वारकऱ्यांनी ही विभागणी इतक्या काटेकोरपणे केली नाही, परंतु पतितपावन हे विठ्ठलाचे बिरुद ज्या अधिकाराने त्यांनी त्याच्याच अंगावर टाकून त्याच्याशी भांडण मांडले, त्यात कर्मानुसार फळ देणारा न्यायाधीश कुठेच दिसत नाही. दक्षिणेत रामानुजांच्या संप्रदायात तर जीवाने काही प्रयत्न करायचा की केवळ स्वाधीन व्हायचे यावरून दोन तट पडले. तेव्हा कृपा ही समुद्रापलीकडून आलेली वस्तू आहे असे मानणाऱ्यांनी आपल्याच घरातील दप्तर नीट चाळलेले नाही. नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या मार्गाने ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्यांच्या या म्हणण्यावर दोन्हीकडचे कर्मठ सारखेच नाराज झाले, आणि दोन्हीकडच्यांच्या नाराजीचे कारणही एकच होते : आपली मिरास दुसऱ्याच्या घरी निघाली हे कोणालाच रुचत नाही.

या टिळकांचा नाशिकशी संबंध निकटचा. कोकणातील करजगावी जन्मलेला हा मुलगा शिकण्यासाठी नाशकात आला, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी त्याची पत्नी झाली, आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी गद्याला ऋणी करून ठेवणाऱ्या त्या लक्ष्मीबाईंचा अंतही 1936 साली नाशकातच झाला. 1893 मध्ये आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला, आणि त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले, हे सर्वश्रुत आहे. ज्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही ते हे की डोंगरावरील प्रवचनात कृपेचा विचार फारसा नाहीच. त्यात आहे तो आचरणाचा कठोर, जवळजवळ अशक्य वाटणारा आदेश, आणि आपण ज्या मापाने मापू त्याच मापाने आपल्याला मापले जाईल ही ताकीद. म्हणजे एका वारकरी संस्काराच्या कवीला ख्रिस्ताकडे ज्याने ओढले ते कृपेहून कर्माच्याच अधिक जवळचे होते.

अर्थात कृपेचा विचार ख्रिस्ती ग्रंथात कुठे पाहावा हे विचारले तर मी पौलाच्या पत्रांआधी मत्तयाच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायाकडे बोट दाखवीन, आणि निफाड-दिंडोरीच्या वाचकाला तर तो विशेष जवळचा वाटावा. द्राक्षमळ्याचा एक धनी पहाटे मजूर लावतो, मग तिसऱ्या प्रहरापर्यंत थोडे-थोडे आणखी आणतो, आणि दिवस मावळायला तास उरला असताना अड्ड्यावर रिकामे उभे असलेल्यांनाही मळ्यात धाडतो; आणि संध्याकाळी सर्वांच्या हातावर सारखीच मजुरी ठेवतो. सकाळपासून उन्हात राबलेले कुरकुरतात. धनी म्हणतो की तुमच्याशी ठरले ते तुम्हांला मिळाले. माझे मी कोणाला किती द्यावे याचा तुम्ही का तगादा लावता? ही गोष्ट पिंपळगावच्या एखाद्या मुकादमाला सांगून पाहावी. छाटणीच्या हंगामात असा धनी दुसऱ्या दिवशी पहाटे एकही मजूर मिळवू शकणार नाही, असे तो सांगेल, आणि त्याचे खरे असेल. पण त्या एकाच तासाच्या मजुराने दिवसभर काम का केले नाही, याचे उत्तरही त्याच कथेत आहे : कोणी कामावर लावलेच नाही म्हणून. त्याचे कुटुंब मात्र तेवढ्याच भाकरी खाते. न्याय श्रमाकडे पाहतो आणि कृपा भुकेकडे, एवढाच या कथेचा आशय. आणि धनी एकाला दिलेले दुसऱ्याच्या हक्कातून कापून घेत नाही, हे तिच्यातले सर्वांत सावधपणे रचलेले कलम आहे.

येथवर आल्यावर माझे म्हणणे सांगतो. कर्म आणि कृपा या दोन मतांत जे वैर दिसते ते त्यांना एकाच प्रश्नाची उत्तरे मानल्यामुळे दिसते. हे दुःख याच माणसाच्या वाट्याला का आले, हा कर्माचा प्रश्न आहे. हा माणूस आता येथून वर कसा येईल, हा कृपेचा. नाशिकजवळच्या शरणपुरात चर्च मिशनरी सोसायटीने गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, 1855 च्या सुमारास, ख्रिस्त्यांची एक वसाहत उभारली, आणि पुढे अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे आणून त्यांना अक्षरओळख आणि सुतारकी, लोहारकी असे धंदे शिकवले गेले. त्यांतला जेकब वेनराइट लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या प्रवासात सामील झाला आणि 1874 मध्ये त्याच्या शवपेटिकेबरोबर लंडनपर्यंत गेला. नाशकातल्या एखाद्या वृद्ध शास्त्र्याने त्या मुलांकडे पाहून ती पूर्वजन्मीचे काही भोगत आहेत असे म्हटले असेल तर त्याच्या दर्शनात ते वावगे नव्हते. आणि शरणपुरच्या पाद्र्याला त्या मुलांचे आई-बाप कोणत्या कारणाने मारले गेले याचे पटणारे उत्तर देता आले नसते. पण त्या मुलाला त्या घडीला उत्तर नको होते, निवारा हवा होता.

आणि येथेच प्रत्येक सिद्धांताच्या विकृतीचेही मूळ आहे. जो सिद्धांत ज्या प्रश्नासाठी नाही त्याचे उत्तर द्यायला गेला की तो क्रूर होतो. कृपेने ‘का’ या प्रश्नाचे उत्तर द्यायचा प्रयत्न केला तेव्हा काय झाले? पाचव्या शतकात पेलागियसाशी भांडताना ऑगस्टिन या निष्कर्षाला आला की कोणाचा उद्धार व्हायचा हे ईश्वराने आधीच ठरवले आहे, आणि सोळाव्या शतकात कॅल्व्हिनने तेच तर्काच्या टोकापर्यंत नेऊन उद्धाराप्रमाणे नाशाचाही हुकूमनामा ईश्वराच्या सहीने काढला. येथे आपला शास्त्री शंभर टक्के बरोबर आहे : जन्माआधीच काहींना वगळणारी ही कृपा पाहिली म्हणजे, आपल्या कर्माचे फळ आपण भोगतो असे सांगणारा सिद्धांत केवढा माणुसकीचा वाटू लागतो! शिवाय कृपा वाटणारा मधला हात माणसाचा असला की तिची मेहेरबानी व्हायला वेळ लागत नाही. 1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सर्वांसाठी ‘देवाचा दरबार’ उघडला, त्यामागे या मेहेरबानीचा कंटाळा नव्हता असे म्हणवत नाही.

उलट कर्माची विकृती शोधायला पंचवटीबाहेर जावे लागत नाही. 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे चालवला. दरवाजे उघडले नाहीत. दरवाजे बंद ठेवणाऱ्यांजवळ रूढीचे आणि हक्काचे दाखले होते, पण त्या सर्वांच्या खाली, न बोलता गृहीत धरलेला, एक सिद्धांत होता : ज्याचा जन्म ज्या जातीत झाला तो त्याच्या पूर्वकर्माने झाला, तेव्हा त्यात आमचा अन्याय कोणता? ईश्वराला निर्दोष सोडवण्यासाठी निघालेला युक्तिवाद येथे पुजाऱ्याला आणि सावकाराला निर्दोष सोडवण्यासाठी वापरला गेला.

यावर लोकमान्यांच्या अनुयायाचे उत्तर मला ठाऊक आहे. ‘गीतारहस्या’च्या दहाव्या प्रकरणात कर्मविपाकाबरोबर आत्मस्वातंत्र्य सांगितलेले आहे, जे भोगाला लागले ते भोगावे, पण पुढचे करणे माणसाच्या हाती आहे, म्हणून कर्मसिद्धांत हा दैववाद नव्हे. हे मान्य आहे, आणि ते प्रकरण मराठीतील तत्त्वविचाराचे एक शिखर आहे. या मताच्या आधारे असाही तोडगा सुचवता येईल, आणि मला तो बराच काळ पुरेसा वाटत होता, की कर्माची भाषा माणसाने केवळ स्वतःविषयी बोलावी. दुसऱ्याच्या दुःखाविषयी बोलताना ती वर्ज्य समजावी. परंतु चोखामेळ्याचे काय करायचे? त्याने आपल्या हीन गणल्या गेलेल्या जन्माचे कारण आपल्याच पूर्वकर्मात शोधले, स्वतःविषयी, स्वतःच्या तोंडाने. कोणी त्याच्यावर ते लादायला समोर उभे नव्हते, कारण लादण्याचे काम पिढ्यांपूर्वीच पुरे झाले होते. त्याचा मुलगा कर्ममेळा मात्र देवालाच जाब विचारतो. तेव्हा कोण कोणाला सांगतो एवढे पाहून भागत नाही. त्या सांगण्यातून कोणाचा फायदा वसूल होतो तेही पाहावे लागते.

डॉ. आंबेडकरांनी ते पाहिले. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा ख्रिस्ती मिशनांनी आशेने त्यांच्याकडे पाहिले, आणि ते स्वाभाविक होते. पूर्वकर्माने दारे बंद केलेल्या समाजाला कृपेचे दार उघडे आहे, याहून सरळ अनुमान ते कोणते? पण वीस वर्षे विचार करून त्यांनी ते दार घेतले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात कर्माचा नियम त्यांनी ठेवला, परंतु तो या जन्मापुरता आणि समाजाच्या नैतिक व्यवस्थेचा आधार म्हणून ठेवला. गतजन्मीच्या कर्माने आजची स्थिती ठरते हे मत बुद्धाचे नव्हेच असे त्यांनी आग्रहाने मांडले. आणि बुद्ध हा मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे, असे सांगून कृपेलाही नम्र नकार दिला. बौद्ध ग्रंथांच्या पारंपरिक अर्थाला हे कितपत धरून आहे याविषयी पंडितांनी वाद घालावा, आणि माझ्या मते त्या वादात पंडितांची बाजू पुष्कळदा वरचढ ठरेल. पण पंडितांना न दिसलेली एक गोष्ट त्यांना दिसली होती : ज्याचा हक्क लुबाडलेला आहे त्याला त्याच्या दुःखाचे कारण पूर्वजन्मात दाखवणे हा जसा अपमान आहे, तसेच त्याचा हक्क त्याला दान म्हणून परत देणे हाही अपमानच आहे. द्राक्षमळ्याच्या धन्याने दिलेल्या मजुरीतही, मजूर अड्ड्यावर दिवसभर रिकामा का राहिला, मळा एकट्या धन्याचाच कसा झाला, हे प्रश्न तसेच उरतात.

त्यांच्या नकारातील पहिला अर्धा भाग मला पूर्णपणे मान्य आहे, दुसरा नाही. हक्क हक्क म्हणूनच मिळाला पाहिजे, यात शंका नाही. पण सर्व हक्क मिळाल्यावरही माणसाकडून असे काही घडते की ज्याची भरपाई कोणत्याही पुढच्या कर्माने होत नाही, आणि ज्याचा अपराध केला तो माणूसही माफी द्यायला हयात नसतो. त्या प्रसंगी मार्गदाता पुरत नाही. इंद्राग्निदत्ताला ते ठाऊक असावे, तुकोबांना निश्चित ठाऊक होते. या मतभेदाचा निकाल माझ्यावर विसंबून कोणी लावू नये. वाचकाने ‘गीतारहस्या’चे दहावे प्रकरण, मत्तयाचा विसावा अध्याय, आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ यातील कर्मावरचा भाग, हे तिन्ही एकामागून एक वाचावेत. तिन्ही मराठीत उपलब्ध आहेत, आणि पहिल्याला थोडा अधिक वेळ दिला तरी दोन दुपारींत वाचून होतात.